गप्प राहण्याचा हक्क मिळवून देणारा जॉन लिलबर्न

अमेरिकन सिनेमात बेड्या घालताना पोलीस ‘तुला गप्प राहण्याचा हक्क आहे’ म्हणतात ना, त्यामागे लंडनचा एक विशीतला तरुण आहे!

विनापरवाना पुस्तकं आणल्याच्या आरोपावरून १६३७ मध्ये जॉन लिलबर्न पकडला गेला. आधी शपथ घे, मग विचारू त्याचं उत्तर दे, हा स्टार चेंबर न्यायालयाचा खाक्या. त्याने शपथच नाकारली. म्हणून १६३८ मध्ये फ्लीट तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत गाडीमागे बांधून त्याला फटके मारले. केवढी ही त्याची हिंमत!

१६४९ मध्ये लंडन टॉवरच्या कैदेतून त्याने आणि समान हक्क मागणाऱ्या ‘लेव्हलर’ गटातल्या तीन साथीदारांनी लिहिलेल्या राज्यघटनेच्या मसुद्यात गप्प राहण्याचा हा हक्क होता. १७९१ मध्ये तो अमेरिकेच्या पाचव्या घटनादुरुस्तीत आला. पोलिसांना ही सूचना द्यायला लावणाऱ्या १९६६ च्या मिरांडा निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लिलबर्नच्या खटल्याचा उल्लेख केलाय.