कोल्हापूरचे शाहू स्टेडियम : आखाड्यापासून क्रीडांगणापर्यंत

धार व देवास या माळव्यातील पवार घराण्याच्या संस्थानांचा दक्षिण महाराष्ट्राशी निकटचा संबंध होता. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कन्या आक्कासाहेब या देवास थोरल्या पातीच्या राणी. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव पवार हे १९३७ मध्ये देवासच्या आणि १९४७ मध्ये शहाजी छत्रपती या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले. त्यांच्या आजोबांचे नाव धारण करणारे कोल्हापूरचे शाहू स्टेडियम हे आज फुटबॉलचे माहेरघर मानले जाते.

या क्रीडांगणाचे मूळ कुस्तीच्या आखाड्यात शोधावे लागते. १९०२ च्या युरोपयात्रेत शाहू महाराजांनी रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि त्या धर्तीवर खासबाग मैदान उभारले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी हौदा व सभोवार चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्याने शेवटच्या प्रेक्षकालाही कुस्ती स्पष्ट दिसते. खेळाडूइतकाच प्रेक्षकाचाही विचार करावयाचा, हा धडा तेथे मिळाला.

पुढे पेठापेठांतील तालमींनी फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही संघांची नावे आजही तालमींचीच आहेत. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची स्थापना होऊन स्पर्धांना शिस्त आली. मोकळ्या मैदानाच्या जागी पायऱ्यापायऱ्यांची पक्की प्रेक्षागृहे असलेले स्टेडियम लाभले. याच जिल्ह्यातील अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला.

तथापि, बांधकाम झाले म्हणजे क्रीडांगण पूर्ण झाले, असे नव्हे. पावसाचे पाणी साचल्यास माती घट्ट होते, हिरवळीची मुळे कुजतात व खेळाडूंना दुखापती होतात. म्हणून पाण्याचा निचरा, हिरवळीची निगा आणि पावसाळ्यात मैदानास विश्रांती या गोष्टी अत्यावश्यक ठरतात. प्रेक्षकांची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. पेठेचा अभिमान हुल्लडबाजीत उतरला, की सामने थांबतात आणि नुकसान होते ते होतकरू खेळाडूंचे.

प्रत्येक गावाला स्टेडियम बांधणे शक्य नाही. परंतु शाळेचे मैदान सपाट ठेवणे, पाण्यासाठी चर खोदणे व अतिक्रमण होऊ न देणे ग्रामपंचायत, शिक्षक आणि ग्रामस्थ यांना सहज साधण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या फुटबॉलची सुरुवातही साध्या मातीच्या मैदानावरच झाली होती.