सहयोगिनीचा दिवस

सकाळी साडेसहा
माणदेशात आठच्या आत बायका शेतावर नाहीतर मजुरीला गेलेल्या असतात. म्हणून बचत गटाची बैठक एकतर दिवस उगवताना, नाहीतर दिवेलागणीनंतर. आज देवळाच्या ओट्यावर बाराजणी जमल्यात. प्रत्येकीनं बचतीचे शंभर रुपये मोठ्यानं मोजून पेटीत टाकले, वहीत नोंद झाली. एकीला शेळ्यांसाठी वीस हजार हवेत. कर्ज द्यायचं की नाही, हे सहयोगिनी, म्हणजे गट बांधणारी संस्थेची कार्यकर्ती, ठरवत नाही. बाकीच्या बायका विचारतात. “चारा कुठनं आणणार गं?” “उन्हाळ्यात विकायची पाळी आली तर?” शेकडा दोननं पहिल्या महिन्याचं व्याज किती, हे कर्ज मागणारीनंच सांगायचं. चारशे. आणि दोन हजार मुद्दल फेडल्यावर? ती बोटांची पेरं मोजते. “तीनशे साठ.” हे व्याज स्वस्त नाही, पण ते गटाच्याच पेटीत राहतं आणि त्या पेटीच्या मालकिणी याच बाराजणी आहेत. दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं काम मी हा तोंडी हिशेबच मानते.

दहा
बँक. आमची संस्था स्वतः कर्ज देत नाही. नाबार्डनं १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांना जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. गट बांधायचा, हिशेब शिकवायचा आणि बँकेच्या दारापर्यंत सोबत जायचं, हा संस्थांचा वाटा तेव्हापासूनचा. ठराव, सह्या, फोटो, वह्या सगळं तयार आहे, पण साहेब नवे आहेत आणि तारण मागतात. दहा लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण लागत नाही, हे पुन्हा सांगावं लागतं.

याच भागात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा आणि गावच्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. बायका पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी घालून बघा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ओट्यावरचं ते “तीनशे साठ” मला म्हणूनच मोठं वाटतं.

दुपारी एक
आजचं सगळ्यात अवघड घर. तीन फायनान्स कंपन्यांचे हप्ते चालू आहेत आणि ते फेडायला चौथं कर्ज घ्यायचं चाललंय. कागदावर एका बाजूला महिन्याची कमाई लिहितो, दुसऱ्या बाजूला हप्ते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. इथं ते कमाईच्याही पुढं गेलेत. “ताई, मग आता काय करू?” चौथं घ्यायचं नाही, हे पहिलं. मग कंपन्यांकडं मुदत मागायचा अर्ज, आणि गटाकडून किराण्यापुरती उचल. आंध्र प्रदेशात २०१० साली असेच हप्त्यांवर हप्ते चढले, वसुलीचा जाच झाला, काहींनी जीव दिला. कर्ज देणारे पुष्कळ आहेत. नको म्हणायला बळ देणारं माणूस मात्र दारात यावं लागतं.

चार
मोबाइलवर नोंदी, मासिक अहवाल.

रात्री साडेसात
दुसऱ्या वस्तीवर नवा गट. आज फक्त वही कशी लिहायची एवढंच.

सूक्ष्म वित्तासाठी देणगी देणाऱ्यांना एक विनंती आहे. कर्जाच्या भांडवलाला पैसे द्या, पण त्याआधी सहयोगिनीचं मानधन, तिचा प्रवासखर्च आणि हिशेबाचं प्रशिक्षण यांना द्या.