गिरणीचा रोजमेळ

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच थेंबांनी तळे आटतेही, हे मात्र आम्हांस आमच्या घरच्या पिठाच्या गिरणीने शिकविले. छोट्या धंद्यातील रोजच्या खर्चाचा हिशेब कसा ठेवावा व त्याची तपासणी कशी करावी, हे त्या अनुभवाच्या आधारे सांगण्याचे या लेखात योजिले आहे. आमच्या शाळेतील कितीतरी मुलांच्या घरी किराण्याचे दुकान, खानावळ, शिवणकाम किंवा असाच एखादा लहान उद्योग चालतो. त्यांना यातून थोडाफार उपयोग झाला तर हा खटाटोप सार्थकी लागला असे आम्ही समजू.

बेळगावातील आमच्या गल्लीत आजोबांनी ही गिरणी घातली. तिच्यावरच आमचे सहा माणसांचे कुटुंब चालते. गेल्या वर्षी दिवाळी संपल्यावर एके रात्री बाबा आईला म्हणाले, "गिरणी तोट्यात चालली आहे. ती विकून कोठेतरी नोकरी धरावी, हे बरे. ताईचे महाविद्यालयही या वर्षापुरते थांबवावे लागेल." पलीकडच्या खोलीत अभ्यास करीत बसलेल्या आम्हां तिघा भावंडांच्या कानांवर हे शब्द पडले. ताई काही बोलली नाही. तिने पुस्तक मिटले. आजोबांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "तोटा किती?" बाबांना उत्तर देता येईना. गल्ल्यात पैसा उरत नाही, एवढेच ते सांगू शकत होते.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी माळ्यावरून लाल कापडी बांधणीच्या वह्या काढविल्या. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी सुरू झाली, तेव्हा आजोबा बारा वर्षांचे होते. आणे-पैचा हिशेब सोडून नव्या पैशांचा हिशेब त्यांनी एका दुकानात काम करता करता शिकला आणि दृष्टी मंदावेपर्यंत गिरणीचा रोजमेळ एक दिवसही चुकविला नाही. पुढे वही मागे पडली. २०१६ पासून भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याघेण्याची सोय झाली, तेव्हा सारे काही यंत्रात नोंदले जातेच, असा बाबांचा समज झाला. तो अर्धाच खरा होता. पैसे कोणाला गेले, हे यंत्र दाखविते. ते गिरणीसाठी गेले की घरासाठी, हे ते सांगत नाही. रोख दिलेल्या पैशांची तर त्यास वार्ताही नसते.

हिशेब ठेवणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नव्हे. आपल्या वर्गांतील हजेरीपटावरच त्याची साक्ष मिळते. कुलकर्णी गावाचा हिशेब लिहीत, पोतनीस रोख शिलकेचा हिशेब सांभाळीत, फडणिसांकडे दफ्तर व हिशेब असत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मुजुमदारास १६७४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास अमात्य हे नाव मिळाले. राज्याच्या जमाखर्चाची तपासणी हेच त्यांचे काम. ज्या कामासाठी राज्याने एक प्रधान नेमला, ते काम लहानशा गिरणीने वाऱ्यावर सोडून कसे चालेल?

आजोबांनी आम्हांस रोजमेळ लिहिण्याची रीत शिकविली. ती अगदी सोपी आहे. पानाच्या मधोमध एक रेघ ओढावी. डावी बाजू जमेची, उजवी खर्चाची. सकाळी गल्ल्यात असलेली रक्कम ही आरंभीची शिल्लक. ती जमेकडे प्रथम लिहावी. मग दिवसभर आलेला प्रत्येक पैसा डावीकडे व गेलेला प्रत्येक पैसा उजवीकडे, कशासाठी गेला त्याच्या उल्लेखासह लिहावा. रात्री जमेतून खर्च वजा करावा. उरेल तितकी रक्कम गल्ल्यात निघाली पाहिजे. भ्रमणध्वनीवरील देवघेवीसाठी शेजारी वेगळा रकाना करावा. "आधी लिहावे, मग द्यावे," हा आजोबांचा दंडक होता.

पहिल्या आठवड्यात एकाही रात्री मेळ बसला नाही. कधी चाळीस रुपये कमी, कधी दीडशे कमी. मग सर्वांनी बसून आठवायचे, की पेट्रोल कोणी भरले, वर्गणी कोणास दिली, पाहुण्यांसाठी भजी कोठून आली! लिहून झाल्यावर आठवण्यापेक्षा देताना लिहिणे किती सोपे, हे त्यावेळी सर्वांस पटले. दुसऱ्या आठवड्यापासून मेळ बसू लागला.

महिना संपल्यावर रोजमेळातील नोंदी एकेका खात्याखाली वेचून मांडल्या. यालाच खतावणी म्हणतात. आमची गिरणी दिवसाला सरासरी १५० किलो धान्य दळते. महिन्याचे २६ दिवस धरता ३,९०० किलो होतात. किलोमागे ६ रुपये दळणावळीप्रमाणे २३,४०० रुपये झाले. खर्चाकडे जागेचे भाडे ५,०००, विजेचे ४,२००, आणि जात्याच्या दगडांना टाकी लावणे, पट्टा व वंगण यांचे १,३०० मिळून १०,५०० रुपये. म्हणजे १२,९०० रुपये उरावयास हवे होते. गल्ल्यात मात्र अवघे ३,००० होते. मधले ९,९०० रुपये गेले कोठे?

खतावणीने त्याचे उत्तर दिले. भाजीपाला, किराणा, औषध व आमच्या वह्यापुस्तकांपायी घरासाठी ७,३०० रुपये गल्ल्यातून गेले होते. चहा, पाहुणचार, पेट्रोल, वर्गणी अशा किरकोळ बाबींत १,७०० गेले होते. उरलेले ९०० रुपये गिऱ्हाइकांकडे उधार होते. याचा अर्थ गिरणी तोट्यात नव्हती. गिरणी घर पोसत होती आणि घराचा खर्च आपण गिरणीच्या माथी मारीत होतो. त्यात मोटार जळाली, की उरलेले तीन हजारही दुरुस्तीत जात आणि धंदा बुडाल्यासारखा भासे.

येथे वाचकांनी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, धंद्याचा खर्च व घराची उचल ही दोन वेगळी खाती होत. घरासाठी पैसे घेण्यात गैर काही नाही, परंतु ते उचल म्हणूनच लिहावेत. दुसरी, उधारी हा खर्च नव्हे. तो आपलाच पैसा दुसऱ्याच्या खिशात अडकलेला असतो. त्याची वेगळी यादी ठेवून दर आठवड्यास आठवण द्यावी. तिसरी, यंत्राची झीज दिसत नाही म्हणून ती होत नाही असे नाही. मोटारीचे वेटोळे दोन वर्षांनी भरावयास ६,००० रुपये आणि दहा वर्षांनी नवी मोटार घ्यावयास ३०,००० रुपये लागतील असे धरले, तर प्रत्येकी २५० मिळून दरमहा ५०० रुपये बाजूस काढावयास हवेत. हे ५०० व किरकोळ १,७०० धरून गिरणीचा एकूण खर्च १२,७०० रुपये झाला, म्हणजे किलोमागे सुमारे सव्वातीन रुपये. खरी मिळकत १०,७०० रुपये. ती थोडी आहे खरी, पण तो तोटा नव्हे.

यापुढे काटकसर कोठे करावयाची, हा प्रश्न होता. बाबा प्रथम म्हणाले, "दगडांना टाकी लावणे लांबवू." आजोबांनी ते मोडून काढले. बोथट दगडांवर दळण सावकाश होते, पीठ तापते, मोटार अधिक वेळ चालते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. शंभर वाचवून पाचशे घालविण्याचा हा प्रकार होय. ज्या खर्चावर कामाचा कस अवलंबून आहे, त्याला हात लावू नये. हात लावावा तो ज्याच्यातून काहीच निष्पन्न होत नाही त्या खर्चाला.

आमच्या गिरणीत असा खर्च विजेत सापडला. आम्ही भावंडांनी रोज मीटरचा आकडा टिपला, तेव्हा दळण कमी झालेल्या दिवशीही वीज फारशी कमी जळत नाही असे दिसले. एका गिऱ्हाइकाचा डबा संपून दुसरा येईपर्यंत मोटार रिकामी फिरत असे. आता गिऱ्हाइके डबे ठेवून जातात आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी दळण एका दमात होते. आधी सारे जोंधळे, मग सारे गहू. त्यामुळे एका धान्याचे पीठ दुसऱ्यात मिसळणेही कमी झाले. विजेचे देयक ४,२०० वरून ३,७०० वर आले. किरकोळ खर्चाला महिन्याला १,००० रुपयांची मर्यादा घातली. दोहोंतून दरमहा १,२०० रुपये, म्हणजे वर्षाला १४,४०० रुपये वाचतात. किलोमागचा खर्च तीन रुपयांच्या आत आला आहे.

घराची उचल आता दर सोमवारी आईच्या हाती दिली जाते व ती तिच्या वहीत लिहिली जाते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सारे मिळून मागील महिन्याचे आकडे चालू महिन्याच्या आकड्यांशेजारी मांडतो. एखादा आकडा वाढला असेल तर त्याचे कारण शोधतो. कोणास दोष देण्यासाठी ही बैठक नाही, हा आजोबांचा नियम आहे.

या साऱ्याने आम्ही श्रीमंत झालो नाही. घरची उचल जाऊन महिन्याला ४,६०० रुपये उरतात, आणि त्यांतूनच ताईचे शुल्क भरले जाते. दुसरे यंत्र घेण्याचा बाबांचा विचार त्या आकड्याकडे पाहूनच सध्या बाजूस ठेवला आहे. परंतु गिरणी विकण्याची भाषा घरात पुन्हा निघाली नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे म्हणतात. ते अंथरूण आधी मोजावे लागते, हे आम्ही त्या लाल वहीपाशी शिकलो.

वाचकहो, आपल्या घरी एखादा उद्योग असेल तर आज रात्री गल्ला मोजून एका वहीत पहिली ओळ लिहा. लिहिण्याचे काम मुलांनी पत्करावे. आमच्या घरी आता रोजमेळ ताई लिहिते, आणि मेळ बसला की आजोबांना आकडा मोठ्याने वाचून दाखविते.