कोळशाची वाट (भाग ६) : डोक्यावरचा खडक

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राचा कोळसा मुख्यतः छत्तीसगडातून रेल्वेने येतो, इथवर आपण आलो होतो. आता खाणीत उतरू या. देशातला ९० टक्क्यांहून अधिक कोळसा आज उघड्या खाणींतून निघतो. पण उरलेल्या थोड्या कोळशासाठी जी माणसं जमिनीखाली जातात, त्यांच्या मृत्यूच्या कारणांत छत कोसळणं वर्षानुवर्षं अगदी वरच्या क्रमांकावर राहिलं आहे.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्के बसू लागले, तेव्हा धुंदलवाडीकडची कुटुंबं थंडीत उघड्यावर झोपली. भिंतीला तडा दिसला की घराबाहेर पडायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. खाणीत बाहेर पडायला अंगण नसतं.

आपल्याकडे भूमिगत खाणींत बहुधा कोळशाच्या थरात एकमेकांना छेदणारे बोगदे काढतात आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. बोगद्याची रुंदी साधारणतः ४.८ मीटरपेक्षा जास्त ठेवायची नाही, असा नियम. सुरुंग उडून कोळसा निघाला की इतकी युगं त्यावर टेकलेला खडक निराधार होतो. अखंड वालुकाश्म तग धरतो. पण खडकाचे थर पातळ असतील, त्यांत पाणी झिरपत असेल, तर ते एकमेकांपासून सुटू लागतात. म्हणून वर भोकं पाडून, सिमेंट भरून पोलादी सळ्या बसवतात. त्यांना रूफ बोल्ट म्हणतात. वाकळीचे पदर शिवावेत तसे ते थर धरून ठेवतात.

सुरुंगानंतर आधार बसेपर्यंतचा वेळ फार घातक. आधार द्यायलाही कुणाला तरी पुढे जावंच लागतं. ड्रेसर लांब पहारीने सुटे दगड पाडतो. मायनिंग सरदार छत ठोकून पाहतो : आवाज खणखणीत आला तर ठीक, पोकळ आला तर वरचा थर सुटलेला. लाकडी टेकू करकरतात, बारीक खपल्या गळतात. छत पुष्कळदा सांगून पडतं. ते ऐकायला शांतता लागते आणि काम थांबवायची मुभा लागते. टनांचा हिशेब मागणाऱ्या पाळीत आधी याच दोन गोष्टींवर गदा येते. अशा मृत्यूंना नुसतं ‘नैसर्गिक’ म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

६ मार्च २०२५ रोजी बैतूल जिल्ह्यात, पाथाखेडा भागातल्या छतरपूर-१ खाणीत छत कोसळून तिघे गेले. खाण नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सची. मृतांत एक ओव्हरमन होता आणि एक मायनिंग सरदार. सुरक्षेवर नजर ठेवणं ज्यांचं काम, तीच ही माणसं.

जे वाचतात त्यांच्यापैकी कुणाचा कणा मोडलेला असतो, कुणाचे पाय चेंगरलेले. तासन्‌तास दबलेल्या माणसाला बाहेर काढलं तरी धोका टळत नाही. चिरडलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात मिसळतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हृदयही थांबू शकतं. शक्य असेल तर दगड उचलण्याआधीच सलाइन लावायचं ते यासाठी.

पुढच्या आठवड्यात : जखमी खाण कामगाराची नुकसानभरपाई कशी ठरते.