चिठ्ठी टाकून पेरणी

फलटणची निंबकर संस्था करडईच्या वाणांसाठी ख्यात. वाण पडताळताना कुठले कुठल्या वाफ्यात पेरायचे, हे मर्जीवर सोडले तर लाडक्या वाणाला नकळत कसदार जमीन मिळते! म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. ‘रँडमाइज’ हे क्रियापद रुजले ते अशाच शेतप्रयोगांत. 1926 साली फिशर यांनी त्यांची मांडणी सांगितली. मूळ ‘रँडम’ जुन्या फ्रेंचमधल्या बेफाम धावेचा. क्रियापद मात्र आपलेच हात बांधणारे. ‘यादृच्छिकीकरण’ हा आपला प्रतिशब्द उच्चारून पाहावा!

साताऱ्यातल्याच बुधचे पां. वा. सुखात्मे (जन्म 1911) यांनी पीककापणीची शेते अशीच निवडण्याची पद्धत देशात रुजवली. पीकविम्याच्या भरपाईला कापणीचा हाच आकडा लागतो. सोयीने नीरा उजव्या कालव्यालगतचेच रान निवडले, तर सरासरी फुगते आणि माळावरच्या जिरायतदाराची भरपाई बुडते.