वऱ्हाडांतील अरुंद लोहमार्गाचा प्रवासी डबा : एक ऐतिहासिक साधन

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रें, ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांस मानाचें स्थान मिळालेलें आहे. परंतु रेल्वेचा जुना प्रवासी डबा हेंहि एक साधन आहे, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. वस्तुतः असा डबा दप्तरांतील कागदासारखाच वाचावा लागतो, आणि त्याची दुरुस्ती हस्तलिखिताच्या संपादनाइतकीच जबाबदारीची असते. हें कसें, तें यवतमाळ जिल्ह्यांतील उदाहरण घेऊन दाखवावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

बोरी अरब हें गांव दारव्हा व यवतमाळ यांच्या दरम्यान वसलेलें आहे. याच टापूंतून मूर्तिजापूर–यवतमाळ हा सुमारें ११३ किलोमीटरांचा लोहमार्ग गेला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापुराहून दुसरा फांटा अचलपुरास जात असे. हे मार्ग १९१० सालीं स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे. किलिक निक्सन ही तिची व्यवस्थापक पेढी होती, आणि गाड्या चालविण्याचें काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेकडे होतें. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापुराच्या रुंद मार्गापर्यंत व तेथून मुंबईस पोंचविणें हा मूळ उद्देश. प्रवासी त्याच्या जोडीनें आले. लोकांनीं पुढें या गाडीस ‘शकुंतला’ असें नांव दिलें.

मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन या मार्गावर १९२३ पासून १९९४ पर्यंत चाललें, हें पुष्कळांस ठाऊक आहे. डब्यांचा असा वृत्तांत मात्र कोणाच्या तोंडीं नाहीं. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वारीकरितां १८७५ सालीं बांधलेला डबा जतन केलेला आहे. नागपुरास मोतीबाग येथें २००२ सालीं अरुंद मार्गाचें निराळें संग्रहालय झालें. तरी एकंदरींत राजपुत्राच्या डब्यास जें भाग्य लाभतें, तें बाजारास जाणाऱ्या शेतकऱ्याच्या डब्यास क्वचितच लाभतें.

अशा डब्याचे तीन भाग असतात : खालीं चाकांची बोगी, तिच्यावर पोलादी तळचौकट, व तिच्यावर लांकडी सांगाड्याची पेटी. या तिहींचें आयुष्य सारखें नसतें. पोलाद शतकभर टिकतें. चाकें झिजलीं म्हणजे बदलतात. सांगाड्याचे खांब तळाशीं, जेथें पावसाचें पाणी सांचतें, तेथें आधीं कुजतात. म्हणून तळचौकटीच्या पट्टीवर कोरलेलें साल हें त्या चौकटीचें साल होय. वरच्या पेटीचेंहि तेंच असेल असें नाहीं. कागद जुना पण मजकूर मागाहून लिहिलेला, असा जो प्रकार दप्तरांत आढळतो, तसाच हा.

पेटीचा इतिहास पेटीवरच लिहिलेला असतो. रिकामीं पडलेलीं स्क्रूचीं भोकें पाहून बांक कोठें होते व वर्गावर्गांमधील आडभिंत कोठें होती हें कळतें. रंगाचा लहानसा भाग पायरीपायरीनें घांसला असतां एकाखालीं एक थर उघडे पडतात. तळाच्या थरांत कधीं वर्गाचा आंकडा, कधीं कंपनीचीं आद्याक्षरें सांपडतात. सगळा रंग एकदम खरवडणें म्हणजे न वाचतांच दप्तर जाळणें होय.

ब्रिटनमध्यें जुन्या पेट्या चाकांवरून उतरवून कोठारासाठीं, कोंबड्यांच्या खुराड्यासाठीं, किंबहुना राहण्यासाठींहि विकीत असत. वेल्समधील टालिलिन रेल्वे १९५१ सालीं हौशी मंडळींनीं चालवावयास घेतली. त्यानंतर जतनाची चळवळ तेथें वाढली, आणि अशा कित्येक पेट्या परक्या तळचौकटींवर बसवून पुन्हां चालू करण्यांत आल्या. यांत गैर कांहीं नाहीं. मात्र जोड कोठें आहे तें नमूद केलें पाहिजे. नव्या लांकडावर बसविल्याचें साल कोरावें, व जुना अंश शक्य तितका राखावा.

खरा पेंच निराळाच आहे. डब्यास कोणत्या सालचें रूप द्यावयाचें? आरंभीच्या काळाचें रूप द्यावें, तर मागाहून आलेले विजेचे दिवे व बदललेले बांक काढावे लागतात, आणि त्यांबरोबर पुढील कित्येक दशकांच्या प्रवाशांची खूण पुसली जाते. प्रक्षिप्त ओव्याहि कोणी तरी गाइलेल्या असतात. संपादक त्या तळटीपेंत ठेवतो, फाडून टाकीत नाहीं. म्हणून काढलेला प्रत्येक भाग क्रमांक घालून जपून ठेवणें हाच न्याय्य मार्ग होय.

मार्ग रुंद करण्याची योजना २०१६ सालीं जाहीर झाली, आणि या अरुंद रुळांवरील प्रवासी वाहतूक त्यानंतर बंद पडली आहे. रूळ उखडले गेले तरी मार्गाचा नकाशा दप्तरांत राहील. उन्हापावसांत पडलेली लांकडी पेटी मात्र तशी राहणार नाहीं. तेव्हां या मार्गाच्या डब्यांचीं मापें, छायाचित्रें, पट्ट्यांवरील अक्षरें, आणि बोरी अरब, दारव्हा, कारंजा या बाजूच्या वृद्ध प्रवाशांच्या आठवणी आतांच नोंदवून ठेवणें अवश्य आहे. दुरुस्ती मागाहूनहि होऊं शकेल. वाचन मात्र वस्तु शिल्लक आहे तोंवरच शक्य आहे.