सांधलेले दगड, भरलेली हाडे

आपल्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार आणि ताणतणाव यांवरील अभ्यासपूर्ण लेखांच्या पंक्तीला जीवाश्मांवरील लेख पाहून काही सभासदांना नवल वाटेल. परंतु हाड मूळचे कोणते, मागाहून बसवलेले कोणते आणि सांधा निसर्गाचा की माणसाचा, हा प्रश्न आपल्या व्यवसायापासून तसा दूरचा नाही. शिवाय आपण राहतो त्या सुरत जिल्ह्यातच वस्तान व तडकेश्वर येथे लिग्नाईटच्या खाणी असून, तेथे पाच कोटी वर्षांहून अधिक जुने सस्तन प्राणी, वटवाघळे, साप आणि कीटक सापडलेले आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. जीवाश्माची डागडुजी हा स्वतः अपराध नव्हे. जमिनीतून अखंड सांगाडा निघणे ही अत्यंत दुर्मीळ घटना आहे. महिसागर जिल्ह्यातील रैयोली येथे 1980च्या दशकात मिळालेल्या हाडांवरून 2003 साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ या मांसाहारी डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या कवटीचे काहीच भाग हाती आले होते. उरलेला चेहरा आप्तजातींशी तुलना करून घडवावा लागला. चांगल्या संग्रहालयात असा भराव मुद्दाम निराळ्या छटेचा ठेवतात किंवा तशी नोंद करतात. कृत्रिम दात बसवणे वेगळे आणि तो मूळचाच आहे असे भासवून विकणे वेगळे.

इच्छापोरच्या हिरे-दागिने उद्योगात असलेले माझे एक रुग्ण दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात एक जबडा घेऊन आले. मोरोक्कोतील खुरीबगा परिसरातील फॉस्फेटच्या खाणींतून निघालेला, मोसासॉर या सागरी सरीसृपाचा, असे त्यांना सांगण्यात आले होते. गावच्या शाळेला तो भेट द्यावा असा त्यांचा मानस होता. मागितलेली रक्कम लहान नव्हती आणि दुसऱ्या दिवशी ती चुकती करावयाची होती. हिऱ्याच्या भेगेत काच भरलेली असली तर दगड फिरवताना रंगाची झळक दिसते, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक. मी म्हणालो, “शेठ, तुमचे दहापटीचे भिंग काढा, आज ते दगडाऐवजी हाडावर लावू.”

दात खरे होते, याविषयी शंका नव्हती. त्यांच्यावरील चकाकी आणि बारीक तडे बनावट साच्यात येत नाहीत. मात्र आमच्या मंडळातील दंतवैद्य भगिनींनी जबडा पाहताच विचारले की, शेजारशेजारच्या दातांची झीज इतकी विसंगत कशी? मोसासॉरचा दात हाडासारख्या जाड बुंध्यावर बसलेला असतो, आणि त्या बुंध्याशी बहुधा नव्या दाताची खळगी दिसते. येथे बुंधेच नव्हते. दात वाळूत रोवल्यासारखे उभे होते. जबड्याच्या पृष्ठभागावर रक्तवाहिन्यांची छिद्रे नव्हती, उलट भिंगाखाली हवेचे गोल बुडबुडे दिसत होते. खडकात असे बुडबुडे सहसा सापडत नाहीत. राळेत आणि प्लॅस्टरमध्ये ते हमखास असतात. त्वचारोगतज्ज्ञ बुरशी पाहण्यासाठी वापरतात तो वूड्स लॅम्प अंधारात धरला, तेव्हा प्रत्येक दाताभोवती निळसर पांढरे कडे उजळले. अनेक गोंद असेच चमकतात. शेवटी एक्स-रे काढला. दात ठळक आले, पण भोवती हाडाची जाळी नव्हती, होता तो एकसारखा कणीदार राखाडी भराव, आणि त्यात चक्क एक तार! व्यवहार अर्थातच झाला नाही. त्यांनी पुढे केवळ दोन सुटे दात, योग्य किमतीला, घेऊन शाळेस दिले.

वाचकांनी घरच्या घरी पाहावयाची आणखी एक खूण म्हणजे भेगांची दिशा. खरी भेग बहुधा हाड ओलांडून भोवतालच्या दगडातही जाते. ती हाडाच्या कडेशी अचानक थांबत असेल, किंवा सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या खडकाचे कण निराळे असतील, तर सावध व्हावे.

आपल्या सीटी स्कॅनने या क्षेत्रात एक मोठा पराक्रम केला आहे. ‘आर्किओरॅप्टर’ हा पक्षी आणि डायनोसॉर यांमधील दुवा म्हणून नॅशनल जिऑग्राफिकने नोव्हेंबर 1999च्या अंकात गाजवला. चीनमधून आलेली ती शिळा अमेरिकेत 80,000 डॉलरला विकली गेली होती. टेक्सासच्या टिमोथी रो यांनी त्याआधीच काढलेल्या स्कॅनमध्ये ती 88 तुकड्यांची जुळवणी असल्याचे दिसले. दोन पायांपैकी एक पाय दुसऱ्याचाच शिळेच्या उलट बाजूवरील ठसा होता! चीनचे शू शिंग यांना शेपटीची जोडशिळा वेगळ्याच डायनोसॉरच्या सांगाड्यासह मिळाली आणि प्रकरण मिटले. गंमत अशी की, तुकडे सारे अस्सल होते आणि त्यांतील शेपटी ‘मायक्रोरॅप्टर’ या मोलाच्या नव्या जातीची निघाली.

मात्र प्रत्येक मिश्रणामागे ठग असतोच असे नाही. जबलपूरच्या हाडांवरून मॅटले यांनी 1923 साली ‘लॅमेटासॉरस’ हा चिलखती डायनोसॉर वर्णिला. पुढे ते अनेक प्राण्यांच्या अवशेषांचे मिश्रण असल्याचे मत रूढ झाले. एकाच थरात निरनिराळे प्राणी पडले, एवढाच त्याचा अर्थ. याच्या उलट उदाहरण गुजरातेतील ढोली डुंगरीचे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना 1980च्या दशकात तेथे अंडी आणि लहान हाडे असलेली शिळा मिळाली. डायनोसॉरच्या पिलाची मानली गेलेली त्यांतील काही हाडे सापाची असल्याचे पुढे जेफ्री विल्सन यांनी ओळखले. 2010 साली ‘सनाजेह इंडिकस’ या नावाने जाहीर झालेला हा सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून तेथेच गाडला गेला होता. अशी शिळा बाजारात दिसती तर कोणीही तिला बनावट म्हटले असते. पण गाळ एकच, सांधा कोठेही नाही.

आता आपल्या जिल्ह्याविषयी. वस्तान व तडकेश्वरच्या अंबरमधील कीटकांचे संशोधन 2010 साली प्रसिद्ध झाले. अंबर पारखताना ॲसिटोनचा थेंब टाकून चिकटपणा पाहण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. चिकट झाले तर ते अलीकडचे कोपल, असा निष्कर्ष काढतात. परंतु हे खंबाती अंबर काही सेंद्रिय द्रावणांत विरघळते, इतके की संशोधकांना आतील कीटक अखंड बाहेर काढता येतो. म्हणजे ही परीक्षा येथे अस्सल मालालाच नापास करण्याचा संभव आहे. संपृक्त मिठाच्या पाण्यात अंबर तरंगते आणि बरीचशी प्लॅस्टिके बुडतात, हा त्यापेक्षा निरुपद्रवी मार्ग होय. तरीही कोपलही तरंगते, हे ध्यानात ठेवून कीटकाभोवती चीर आहे का, हे भिंगाने पाहणे आलेच.